विषय: पहिला हिवाळा, गाडीची तयारी आणि नाताळात सरेचा प्रवास

प्रेषक: मृ. (पॅनोरमा हिल्स)
२७ सप्टेंबर, दुपार

सर्वांना नमस्कार,

आम्ही मे महिन्यात पुण्याहून कॅल्गरीला आलो. इथे आल्यावर एक वापरलेली एसयूव्ही घेतली, चारही चाकांना ड्राइव्ह असलेली. टायर ऑल-सीझन आहेत. विकणाऱ्याने सांगितलं की या गाडीला विंटर टायरची गरज नाही. ऑफिसात निम्मे जण त्याचंच ऐका म्हणतात, निम्मे म्हणतात अजिबात ऐकू नका.

नाताळच्या सुट्टीत व्हँकुव्हरजवळच्या सरेला मावसबहिणीकडे गाडीनेच जायचा विचार आहे. सोबत पाच वर्षांची मुलगी आणि सासूबाई. बर्फात आम्ही दोघांनीही कधी गाडी चालवलेली नाही. गाडी रात्री बाहेर उघड्यावरच असते. नेमकं काय करून घ्यायचं आणि कधी, कोणी सांगेल का?

मृ.

---

प्रेषक: द. काका (डॅलहाउसी)
२७ सप्टेंबर, रात्र

मृ.,

> या गाडीला विंटर टायरची गरज नाही

हे मनातून काढून टाका. चारही चाकांना ड्राइव्ह असली की गाडी बर्फातून झटकन निघते, आणि तिथेच माणूस फसतो. निघायला मदत होते, थांबायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. सिग्नलला थांबताना तुमची एसयूव्ही आणि शेजारची साधी गाडी यांत फरक पडतो तो रबराने. साधारण ७ अंशांच्या खाली ऑल-सीझनचं रबर कडक व्हायला लागतं आणि रस्ता धरेनासं होतं, मग बर्फ पडलेला असो वा रस्ता कोरडा असो. विंटर टायरचं रबर कडाक्याच्या थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीतल्या बारीक चिरा बर्फाला पकडतात. पहिल्या बर्फाच्या दिवशी आपल्या डिअरफूट महामार्गावरून जाताना रस्त्याखाली उतरलेल्या गाड्या बघा. त्यांत एसयूव्ही आणि पिकअप कमी नसतात.

अल्बर्टात कायद्याची सक्ती नाही. बी.सी.त, म्हणजे शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आहे. गोल्डन, रेव्हलस्टोक, पुढे कोक्विहाला, म्हणजे तुमच्या वाटेवरचे सगळे डोंगरी रस्ते १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल विंटर टायरशिवाय बंद समजा. तिथे टायरवर 'एम प्लस एस' (चिखल आणि बर्फ) ही खूण आणि निदान ३.५ मिमी नक्षी एवढ्यावर कायद्याचं भागतं. पण ही खूण बऱ्याच ऑल-सीझन टायरवरही असते, म्हणून तिच्यावर विसंबू नका. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र शोधा. बर्फावरची चाचणी पार केल्याशिवाय ते छापता येत नाही. आणि घ्याल तर चारही घ्या. पुढे दोनच नवे बसवले तर वळणावर गाडीची मागची बाजू घसरून गोल फिरते.

वापरलेले टायर घ्यायलाही हरकत नाही, पण बाजूला 'डॉट' अक्षरांनंतर जो लांबलचक क्रमांक असतो त्याचे शेवटचे चार आकडे वाचा. ३८१९ असेल तर तो टायर २०१९ च्या अडतिसाव्या आठवड्यातला. जुनं रबर नक्षी शिल्लक असली तरी कडक झालेलं असतं. शक्य असेल तर वेगळ्या लोखंडी रिमवरच बसवून घ्या, म्हणजे दर ऑक्टोबर-एप्रिलला घरच्या घरी चाकं बदलता येतात.

हे काम ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. एकदा बर्फ पडला की सगळं शहर एकदम जागं होतं आणि गॅरेजची तारीख मिळत नाही.

टायरमधल्या हवेकडे इथे कोणी बघत नाही, तुम्ही बघा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की हवा साधारण १ पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं एकक) उतरते. सप्टेंबरात २० अंशांत भरलेली हवा उणे २५ च्या सकाळी सात-आठ पीएसआय कमी भरते. चिनूक, म्हणजे रॉकी पर्वतावरून येणारा उबदार वारा सुटला की काही तासांत तापमान वीस अंशांनी चढतं, हवा कमी असल्याचा डॅशबोर्डवरचा दिवा विझतो आणि लोक हवेचं विसरून जातात. थंड टायरवर, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरमधला आकडा धरून, दर पंधरा दिवसांनी तपासा. चिनूकचा दुसरा धोका म्हणजे दिवसा वितळलेलं पाणी रात्री पुन्हा गोठतं. रस्ता नुसता ओला दिसतो आणि असतो काचेसारखा गुळगुळीत बर्फ. विशेषतः पुलांवर.

बाकी गॅरेजवाल्याला तीन गोष्टी सांगा. कूलंट तपासा (निम्मं पाणी, निम्मं अँटीफ्रीझ असेल तर साधारण उणे ३५ पर्यंत काळजी नाही). बॅटरीवर लोड टेस्ट करा (भार टाकल्यावर ती किती टिकते ते कळतं). पुढच्या काचेवर खड्याचा टवका उडाला असेल तर आत्ताच भरून घ्या. रस्त्यावर बारीक खडी टाकतात, ती उडतेच. बाहेर उणे २५ आणि आतून हीटरचा झोत, एवढ्यात मूगभर टवक्याची फूटभर चीर होते.

सरेबद्दल. जा, पण हट्टाने जाऊ नका. रेव्हलस्टोकच्या आधीच्या रॉजर्स पास या घाटात हिमकडे मुद्दाम पाडण्यासाठी सैन्याच्या तोफा डागतात आणि तेवढा वेळ हायवे बंद ठेवतात. निघण्याआधी ड्राइव्ह बी.सी. आणि ५११ अल्बर्टा या रस्त्यांची स्थिती सांगणाऱ्या दोन्ही साइट बघा. मुक्काम रेव्हलस्टोकला ठेवा, आणि परतीत एक दिवस मोकळा सोडा. ज्याला सोमवारी काहीही करून कामावर पोचायचं असतं, तोच खराब हवेत घाट चढतो.

द. काका

---

प्रेषक: सी. (एअरड्री)
२८ सप्टेंबर, सकाळ

मृ., काकांनी टायरचं सगळं सांगितलंच आहे. गाडी उघड्यावर असते म्हणालीस, म्हणून ब्लॉक हीटरबद्दल, म्हणजे थांबलेलं इंजिन विजेवर गरम ठेवणाऱ्या हीटरबद्दल लिहिते.

बॉनेटच्या पुढच्या जाळीशी बघ, तीन पिनांचा एक प्लग लोंबत असेल, नाहीतर आत प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधून ठेवलेला असेल. त्याला टोपी असते. इथे विकलेल्या गाड्यांना बऱ्याचदा असतो, दुसऱ्या प्रांतातून आलेल्यांना नसूही शकतो. नसेल तर बसवून घे. आपल्याकडे थंडीत खोबरेल बाटलीत थिजतं ना, तसं उणे ३० ला इंजिनातलं ऑइल जड होतं. त्याच वेळी बॅटरीची ताकदही निम्म्यावर आलेली असते. मग गाडी सेल्फ घेत नाही. रात्रभर लावून ठेवायची गरज नाही, बाहेर वापरायचा टायमर घे आणि निघायच्या तीन तास आधी चालू होईल असा लाव. वायरही बाहेरच्या वापराचीच हवी, घरातली एक्स्टेन्शन थंडीत तडकते. उणे १५ च्या खाली अंदाज दिसला की लावायचं, एवढी सवय कर. ऑइल बदलायचं असेल तर मॅन्युअलमध्ये जे हलकं सांगितलंय तेच, ०डब्ल्यू-२० असेल तर तेच भर.

काच धुण्याचं पाणी उणे ४० लिहिलेलंच घे. उन्हाळ्यातलं निळं पाणी टाकीत राहिलं असेल तर आधी फवारून संपव, नाहीतर हायवेवर काचेवरच गोठतं. आणि गोठलेल्या काचेवर गरम पाणी कधीही नाही.

आता मुलीचं. कार सीटमध्ये तिला जाड फुगीर जॅकेट घालून बसवू नकोस. पट्टा घट्ट वाटतो, पण तो जॅकेटवर घट्ट असतो. धक्का बसला की आतली हवा दबते आणि पट्टा सैल पडतो. पातळ फ्लीस घाल, पट्टा आवळ, मग जॅकेट उलटं करून हात पुढून घाल, नाहीतर वर ब्लँकेट टाक. हे इथल्या आयांनाही सांगावं लागतं.

डिकीत फावडं, जंपर केबल, वाळूची पिशवी, टॉर्च. आतल्या बाजूला, हाताला येईल असं: ब्लँकेट, सगळ्यांचे बूट-मोजे, सासूबाईंची औषधं, खायला चिक्की-लाडू असं काहीतरी. रेव्हलस्टोकच्या आधी बराच पट्टा मोबाइलला रेंज नाही. अडकलात तर गाडी सोडून चालत जायचं नाही. तासाला दहा मिनिटंच इंजिन चालू करायचं, आणि त्याआधी उतरून सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढायचा, खिडकी बोटभर उघडी ठेवायची. बर्फाने तोंड बंद झालं तर विषारी वायू आत येतो आणि कळतही नाही. टाकी कायम अर्धी भरलेली.

सी.

---

प्रेषक: मृ.
२८ सप्टेंबर, संध्याकाळ

काका, ताई, मनापासून आभार. आत्ताच बाहेर जाऊन सगळं बघून आले. जाळीच्या आत प्लग सापडला, टोपीसकट! टायरवर एम प्लस एस आहे, डोंगराचं चित्र नाही. शेवटचे आकडे २२१८. नक्षी पट्टीने मोजली, मधे ५ मिमी, कडेला ४. कायद्यात बसतात, तर यंदाचा हिवाळा काढावा का यांवर? नवीन संसार, खर्च बरेच आहेत.

---

प्रेषक: द. काका
२८ सप्टेंबर, रात्र

नाही, मृ. ते टायर उन्हाळ्यात वापरा, टाकून देऊ नका. विंटर टायर चालू असताना ते झिजत नाहीत, म्हणजे पैसा वाया जात नाही, नुसता आधी जातो. आणि ४ मिमीच्या आसपास आलेला टायर बर्फावर नेऊच नये. त्यात सासूबाई आणि लेक मागे बसणार आहेत.

प्लग आधी दिवसा लावून बघा, हीटर जळालेला नाही याची खात्री करा. प्लग लावला की इंजिनापाशी बारीक सूं आवाज येतो.

चाकं आणलीत की शनिवारी सकाळी माझ्याकडे या. जॅक, पाना, टॉर्क रेंच सगळं आहे, दोघांनाही शिकवतो. येताना गाडीचं मॅन्युअल आणा, नट किती घट्ट करायचे तो आकडा त्यात असतो. शंभरेक किलोमीटर चालवून झाली की परत या, नट पुन्हा आवळावे लागतात. आणखी कोणाला यायचं असेल तर इथेच कळवा, ड्राइव्हवेवर दोन गाड्या मावतात.

द. काका