मदत हवी आहे: वडिलांना घेऊन उंबरखिंड

ठाण्याहून स्वतःच्या गाडीने शनिवार-रविवार बाबांना उंबरखिंड (१६६१) आणि वडगाव मावळ (१७७९) ही लढायांची ठिकाणं दाखवायची आहेत. शिवाजी महाराजांनी मुघल सरदार कारतलबखानाला जिथे कोंडीत पकडलं ती जागा एकदा बघायची, हे बाबांच्या मनात फार वर्षांपासून आहे. गुडघ्यांमुळे लोणावळ्याकडचा कुरवंडे घाट उतरणं जमणार नाही. सपाटीवर काठी घेऊन अर्धा तास आरामात चालतात. ट्रेकवाल्यांना विचारलं, ते लोणावळ्याकडूनच खाली उतरतात. म्हणून खोपोली-पाली रस्त्याने खिंडीच्या खालचं चावणी गाव गाठू. मुक्काम लोणावळ्यात, वडगाव दुसऱ्या दिवशी. त्याची काळजी नाही. जाणार दिवाळीनंतर.

अलीकडे कुणी गेलं असेल तर सांगा: चावणीहून स्मारकाकडे गाडी कुठवर जाते, आणि पुढे नदीपात्रातल्या दगडगोट्यांवरून किती चालावं लागतं?