नाथसागराच्या काठावर झाडे लावावीत का?

सचिव, अ-विंग: सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार. पहिला पाऊस पडला की पैठणजवळ नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठावर वृक्षारोपण करावे, असा प्रस्ताव आहे. तेथील काठ अगदी उघडाबोडका दिसतो. आपली मते कळवावीत.

ब-२०३: सचिव साहेब, ज्या जलाशयाचे पाणी आपल्या नळाला येते, त्याच्या काठासाठी सोसायटीने काही करावे या विचाराला माझा मनापासून पाठिंबा आहे. तरीही, पाटबंधारे खात्यातील नोकरीत तो काठ जवळून पाहिलेला असल्यामुळे, वृक्षारोपणाला मी विरोध नोंदवतो. १९७६ साली लोकार्पण झालेल्या जायकवाडीचा साठा बशीसारखा उथळ आणि पसरट आहे; भरल्यावर तो सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो आणि पाणी थोडे उतरले तरी काठ कितीतरी आत सरकतो. आज जी मोकळी जमीन दिसते, तो खरे तर जलाशयाचा तळ आहे. पाणी १५२२ फुटांवर, म्हणजे धरण पूर्ण भरण्याच्या पातळीवर, गेले की तिथली रोपे महिनोन्‌महिने बुडून कुजतील.

शिवाय हा उघडा चिखल वाया गेलेला नाही. हिवाळ्यात तुतारी, चिखल्या यांसारखे पक्षी त्यातच किडे शोधतात, उथळ पाण्यात रोहित (फ्लेमिंगो) उतरतात आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस काठावरचे कोवळे गवत चरतात. या पक्ष्यांना चहूकडे लांबवर दिसेल अशी मोकळी जागा लागते. याच गोदावरीवर वरच्या अंगाला असलेले नांदूर मध्यमेश्वर २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाले, तेही तिथल्या गाळाच्या बेटांमुळे आणि पाणथळ काठामुळेच.

क-१०१: काका, मग काठ तसाच सोडून द्यायचा का? आम्ही गेलो होतो तेव्हा प्लास्टिकचा खच पडला होता आणि बेशरमाच्या झुडपांतून पाण्यापर्यंत वाटही नव्हती.

ब-२०३: नाही ताई, तसाच मुळीच सोडायचा नाही, तिथे काम भरपूर आहे, फक्त ते फोटोत उठून दिसत नाही. बेशरमाचेच पाहा. ते वरून छाटले तर पुन्हा फुटते, आणि छाटलेला तुकडा ओल्या गाळात पडला तर तोही मूळ धरतो. म्हणून कुदळीने मुळासकट काढून, तुकडे वेचून, उंच कोरड्या जागी उन्हात वाळवावे लागते. त्याचा चीक अंगाला लागू देऊ नये, आणि गुरे त्याला तोंड लावत नाहीत म्हणून ते आपोआप कमीही होत नाही. दुसरे काम टाकून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यांचे. पाणी ओसरले की ती काठावर उघडी पडतात आणि त्यांत पक्ष्यांचे पाय अडकतात. ती गोळा करताना मासेमारी करणाऱ्या भोई मंडळींना सोबत घ्यावे, कारण कोणते जाळे टाकून दिलेले आणि कोणते कामाचे, हे त्यांनाच ठाऊक असते. काठावर खऱ्या अर्थाने राबणारी माणसे हीच आहेत. त्यांच्यासोबत वनरक्षक, आणि दर जानेवारीत थंडीत पहाटे पाणपक्षी मोजायला जाणारे पक्षिमित्र. आपण त्यांच्या हाताखाली काम करावे, असे मला वाटते.

अ-४०५: काका, माझ्या माहेरची जमीन या धरणात गेली आहे. पाणी उतरल्यावर उघड्या गाळात पेरणी, म्हणजे गाळपेर, करणाऱ्यांना कोणी पक्ष्यांचे शत्रू ठरवू नये, एवढी विनंती.

ब-२०३: ताई, आपले म्हणणे अगदी रास्त आहे. ज्यांची शेते पाण्याखाली गेली, त्यांचा गाळपेरावरचा हक्क मी नाकारणार नाही. चिंता फवारणीची आहे, कारण तळाच्या मातीत पडलेले औषध धरण भरल्यावर पाण्यातच मिसळते. त्याबद्दल बोलायचे तर आपल्यासारख्या माहेरवाशिणीने बोलावे. शहरातून आलेल्यांचा उपदेश तिथे कोणी का ऐकावा? आणि रोपे घेतलीच असतील, तर पाण्याच्या पातळीच्या वर, जलाशयाला मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठी, शेतकऱ्यांना विचारून करंज आणि वाळ्याचे गवत लावू. काळ्या रानातली माती वाहून येते ती याच ओढ्यांतून.

सचिव, अ-विंग: काका, पटले. काठावरील वृक्षारोपण रद्द करीत आहे. १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य असल्यामुळे बेशरम आणि जाळी काढण्यासाठी वन्यजीव विभागाकडे सोमवारी परवानगीचा अर्ज देतो. परवानगी मिळाल्यास पावसाआधीच्या एखाद्या रविवारी जाऊ. कुदळी, जाड हातमोजे आणि पोती कोणाकडे आहेत, ते कृपया कळवावे.