१९१४ मध्ये कोणी हटले नाही, १९३८ मध्ये सगळे हटले. मग शिष्टाई फसली कुठे?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी कॉलेज रोडवरील एका अभ्यासिकेत राज्यसेवा मुख्य परीक्षेची तयारी करतो. दोन्ही महायुद्धांची कारणे वहीत समोरासमोरच्या पानांवर लिहून काढली आणि तेव्हापासून एक अडचण सतावते आहे. डाव्या पानावर लिहिले आहे, की १९१४ मध्ये सारायेव्हो शहरात ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाल्यावर ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांचा निर्वाणीचा खलिता दिला, रशिया सर्बियाच्या आणि जर्मनी ऑस्ट्रियाच्या पाठीशी उभा राहिला, कोणीही पाऊल मागे घेतले नाही आणि युद्ध पेटले. उजव्या पानावर लिहिले आहे, की १९३८ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांनी म्युनिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन प्रदेश हिटलरला देऊन टाकला, आणि तरीही अकरा महिन्यांनी युद्ध झालेच. ताठर राहिले तरी युद्ध आणि नमते घेतले तरी युद्ध, असे असेल तर ‘शिष्टाई असफल झाली’ हे वाक्य मी कोणत्या अर्थाने लिहावे? पाठ करण्याजोगे मुद्दे नको आहेत, हे खरोखर समजून घ्यायचे आहे.

नाशिकरोडकर

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. रेल्वेच्या परिचालन विभागातून निवृत्त झालो आहे. २०१५ च्या सिंहस्थात पर्वणीच्या विशेष गाड्यांच्या नियोजनात मी होतो. कसारा घाटात एक गाडी अर्धा तास अडकली, की तिच्यामागच्या सगळ्या गाड्यांचे गणित कोलमडते आणि ते नव्याने मांडायला वेळ मिळत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे. त्यामुळे १९१४ चा जुलै महिना मला वेळापत्रकातून समजतो.

रशियाच्या सैन्याची जमवाजमव पूर्ण होण्याआधी सुमारे सहा आठवड्यांत त्याचा मित्र असलेल्या फ्रान्सला नमवायचे, अशी जर्मनीची योजना होती. साहजिकच ३० जुलैला झारने सर्वंकष जमवाजमवीचा हुकूम दिल्यावर बर्लिनच्या दृष्टीने बोलण्यात घालवलेला प्रत्येक दिवस हा हरलेला दिवस ठरला. १ ऑगस्टच्या संध्याकाळी लंडनहून आलेल्या तारेवरून फ्रान्स तटस्थ राहील असे वाटले, तेव्हा जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मने सेनाप्रमुख मोल्टके यांना सगळे सैन्य पूर्वेकडे वळवण्यास सांगितले. लाखोंचे सैन्य ऐनवेळी वळवता येत नाही, असे मोल्टके यांनी उत्तर दिले. तारेचा अर्थ चुकीचा लावला गेला होता, हे रात्री उघड झाले. पण तोपर्यंत एका जर्मन तुकडीने लक्झेंबर्गची हद्द ओलांडून एक लहानसे रेल्वे स्थानक आणि तेथील तारघर ताब्यात घेतलेही होते. पुढे जर्मन सेनेच्या रेल्वे विभागाच्याच प्रमुखाने पुस्तक लिहून, सैन्य वळवणे शक्य होते, असे मांडले. ते वाचल्यापासून मोल्टके यांचे उत्तर माझ्या मनातून जात नाही.

आणखी एक गोष्ट वहीत अवश्य टिपा. फ्रान्सचे अध्यक्ष पॉइन्कारे रशियाच्या भेटीवर होते. ते परतीच्या जहाजात बसेपर्यंत, म्हणजे २३ जुलैच्या संध्याकाळपर्यंत, ऑस्ट्रियाने तो खलिता मुद्दाम रोखून धरला होता. ज्यांनी एकमेकांशी बोलायचे ते समुद्रावर असावेत, हाच त्यामागचा हेतू होता. सर्बियाने बहुतेक मागण्या मान्य केल्या. ते उत्तर वाचून २८ जुलैला खुद्द कैसरने, आता युद्धाचे कारण उरले नाही, असा शेरा मारला आणि त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले. माझ्या मते १९१४ मध्ये शिष्टाईला वेळच ठेवला गेला नाही.

गंगापूर रोड

नाशिकरोडकर काकांचे म्हणणे १९१४ पुरते मला पूर्ण मान्य आहे. मात्र पुढच्या युद्धाला ते लागू पडत नाही, कारण तेव्हा वेळ भरपूर होता आणि तो डोळ्यांदेखत वाया घालवला गेला. मी शाळेत इतिहास शिकवते आणि म्युनिकपासून सुरुवात करू नका, असे विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते. सुरुवात सप्टेंबर १९३१ पासून करावी. जपानने मांचुरिया घेतला, तेव्हा राष्ट्रसंघाने (पहिल्या महायुद्धानंतर शांतता राखण्यासाठी स्थापन झालेल्या संघटनेने) लिटन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. तो आयोग मांचुरियात पोहोचेपर्यंत तेथे मांचुकुओ नावाचे बाहुले राज्य उभेही राहिले होते. फेब्रुवारी १९३३ मध्ये ४२ विरुद्ध १ अशा मतांनी जपानवर ठपका ठेवला गेला, जपानचे प्रतिनिधी सभागृहातून उठून गेले आणि त्यापलीकडे काहीही घडले नाही.

१९३५ मध्ये इटलीने अबिसिनियावर (आजच्या इथिओपियावर) आक्रमण केले, तेव्हा तर आर्थिक निर्बंध खरोखर लादले गेले होते. पण त्यांतून तेल वगळले. रणगाडे आणि विमाने ज्यावर चालतात तेच वगळून बाकीच्या वस्तू अडवल्या! सुएझ कालवाही खुलाच राहिला आणि इटलीची सैन्याने भरलेली जहाजे त्यातूनच गेली. हे सगळे हिटलर बघत होता. मार्च १९३६ मध्ये त्याने ऱ्हाईनलँडमध्ये, म्हणजे तहानुसार जर्मनीने जेथे सैन्य ठेवायचे नव्हते त्या आपल्याच प्रदेशात, सैन्य घुसवले, तेव्हा निषेधाचे खलिते निघतील आणि सैन्य निघणार नाही, हे त्याने ओळखले होते. म्युनिकला गेलेले ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन यांच्या शब्दाला वजन नव्हते ते या सात वर्षांमुळे. मार्च १९३९ मध्ये चेकोस्लोव्हाकियाची राजधानी प्राग गिळंकृत झाल्यावर ब्रिटनने पोलंडला संरक्षणाची हमी दिली, तेव्हा ती हमी खरी असूनही हिटलरला ती खरी वाटली नाही.

देवळालीकर

वरील दोन्ही उत्तरे वाटाघाटीच्या टेबलावर बसलेल्यांविषयी आहेत. टेबलावर ज्यांना बसूच दिले नाही, त्यांच्याविषयी मला लिहायचे आहे. म्युनिकमध्ये चेक प्रतिनिधी हॉटेलच्या खोलीत थांबून होते आणि त्यांच्या देशाचे तुकडे झाल्याचे त्यांना मध्यरात्रीनंतर सांगण्यात आले. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एकाही भारतीय लोकप्रतिनिधीला न विचारता भारत युद्धात उतरल्याचे जाहीर केले. त्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. नाशिक ज्या मुंबई प्रांतात होते, तेथील बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळही त्यांत होते. तरीही पंचवीस लाखांच्या घरात भारतीय त्या युद्धात लढले.

माझे आजोळ सातारा जिल्ह्यात आहे. तेथील चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी फरशी बसवलेली आहे. १९१४ ते १९१९ या काळात गावातून किती माणसे महायुद्धावर गेली आणि त्यांपैकी किती मेली, एवढे दोनच आकडे तिच्यावर कोरलेले आहेत. नाव एकाचेही नाही. लहानपणी मी त्या अंकांवरून बोट फिरवत असे. सारायेव्हो कुठे आहे, हे त्या माणसांना कोणी सांगितले असेल, असे मला वाटत नाही.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मी दोन्ही पाने फाडून पुन्हा लिहायला घेतली आहेत. एकच शंका उरते: हे सारे ठाऊक असल्यामुळे एखादे युद्ध खरोखर टळले, असे उदाहरण आहे का?

नाशिकरोडकर

ऑक्टोबर १९६२ चा क्यूबाचा पेचप्रसंग वाचा. सोव्हिएत संघाने क्यूबात क्षेपणास्त्रे बसवल्याचे अमेरिकेला तेव्हा कळले होते. हवाई हल्ल्याचा आग्रह होत असताना अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी सागरी नाकेबंदी निवडली, कारण जहाजांना परत वळायला वेळ मिळतो. सोव्हिएत नेते क्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे मान्य केले आणि त्या बदल्यात अमेरिकेने तुर्कस्तानातील आपली क्षेपणास्त्रे गाजावाजा न करता हलवली. त्या दिवसांत एकेक निरोप पोहोचून उलगडायला कित्येक तास लागत होते. म्हणून जून १९६३ मध्ये दोन्ही देशांनी वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट तार जोडण्याचा करार केला. ती लाइन टेलिप्रिंटरची ठेवली होती, टेलिफोनची नव्हे. बोलण्याच्या भरात तोंडातून भलता शब्द जाऊ नये आणि आलेला निरोप दोनदा वाचता यावा, हा त्यामागचा विचार होता.