सिव्ह ६: एम्परर लेव्हलला पहिल्या शंभर टर्नमध्येच मागे पडतोय, सुरुवात कशी सुधारू?

नकाशेवेडा
मंडळी, सिव्हिलायझेशन ६ खेळतोय, राइज अँड फॉल आणि गॅदरिंग स्टॉर्म ही दोन्ही एक्स्पान्शन टाकलेत. प्रिन्स लेव्हलवर आरामात जिंकतो पण त्याहून अवघड एम्परर लावलं की शंभराव्या टर्नपर्यंत माझी तीन-चार शहरं आणि शेजाऱ्याची सात-आठ, सायन्समध्ये तर तो कुठल्या कुठे गेलेला असतो. मी साधारण वॉरियर, मॉन्युमेंट (कल्चर देणारी इमारत), बिल्डर (जमीन सुधारणारं युनिट), मग एक सेटलर (नवं शहर वसवणारं युनिट) आणि लगेच स्टोनहेंज हे वंडर (जगात एकालाच बांधता येणारी वास्तू) अशा क्रमाने जातो, पण स्टोनहेंज संपत आलं की नेमकं दुसरंच कोणीतरी पूर्ण करतं. आधी काय बनवायचं? आणि बार्बेरियन लोकांचं (नकाशावरच्या रानटी टोळ्यांचं) काय करायचं, सेटलर बाहेर काढला की उचलून नेतात.

षटकोन
स्टोनहेंजचा नाद सोड, खरंच. एम्पररपासून एआयला (कॉम्प्युटर खेळवतो त्या प्रतिस्पर्ध्यांना) खेळ सुरू होतानाच जास्तीचा सेटलर मिळतो, शिवाय प्रॉडक्शनचा (शहराच्या बांधणीच्या ताकदीचा) बोनस वेगळाच, मग त्याच्याशी वंडरच्या शर्यतीत कशाला उतरायचं. हिशोब बघ, स्टँडर्ड स्पीडला स्टोनहेंज १८० प्रॉडक्शनचं, आणि पहिला सेटलर ८० चा, दुसरा ११० चा, म्हणजे एका स्टोनहेंजच्या भावात जवळजवळ दोन नवी शहरं होतात. आणि प्रत्येक सेटलरला ३० ने भाव वाढत जातो म्हणून ते जितके लवकर काढशील तितकं बरं.

मी स्काऊट (टेहळ्या), स्लिंगर (गोफणवाला), सेटलर, बिल्डर, परत सेटलर असा जातो. स्काऊट पहिला हवाच, कारण सिटी-स्टेटला (एकाच शहराच्या छोट्या राज्याला) सगळ्यांच्या आधी भेटलं की एन्व्हॉय (तिथे वजन वाढवणारा दूत) फुकट मिळतो, आणि पुढची शहरं कुठे टाकायची तेही कळतं. सेटलर काढायला शहराची लोकसंख्या किमान २ लागते आणि काढल्यावर एक कमी होते, म्हणून सुरुवातीला जास्त फूडच्या टाइलवर (नकाशाच्या षटकोनी घरांवर) माणसं ठेव.

टेकडीवरचा
वरच्या सगळ्याला सहमत फक्त जवळ जंगल दाट असेल तर मी सेटलरच्या आधी दुसरा स्लिंगर काढतो. बार्बेरियनचा स्काऊट तुझं शहर बघतो तेव्हा त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह येतं, तो कॅम्पवर परत पोचला की मग टोळी येते, त्यामुळे त्याला वाटेतच मारायचा किंवा निदान वाट अडवायची, बाकी काहीही करत असलास तरी ते बाजूला ठेवून. कॅम्प उगवतात ते जिथे कोणाची नजर नाही अशा टाइलवर, म्हणून वॉरियरला शहरात बसवून न ठेवता बाहेरच्या टेकडीवर उभा कर, नजर लांब जाते. सरकारच्या पॉलिसी कार्डांपैकी डिसिप्लिन कार्ड लावलं तर बार्बेरियनशी लढताना +५ ताकद.

आणि यांना नुसता त्रास समजू नकोस!! स्लिंगरने एक युनिट मारलं की आर्चरीचा युरेका, तीन बार्बेरियन मारले की ब्राँझ वर्किंगचा, आणि एक युरेका म्हणजे त्या टेकच्या (तंत्रज्ञानाच्या) संशोधनाचा ४० टक्के भाग फुकट. सेटलर मात्र एकटा कधीच पाठवू नकोस, वॉरियरसोबत फॉर्मेशन करून दोघांना एकत्रच हलव.

नकाशेवेडा
हे फॉर्मेशनचं बटण मी वापरतच नव्हतो, आजच करून बघतो. मग मॉन्युमेंट कधी? आणि शहरं जवळजवळ टाकू की लांब?

षटकोन
मॉन्युमेंट राजधानीत दुसऱ्या सेटलरनंतर, नव्या शहरात मात्र सगळ्यात आधी. शहरं जवळ टाक, दोन शहरांमध्ये तीन टाइल सुटल्या की बास. गोडं पाणी असेल तर हाऊसिंग (शहरात किती लोकसंख्या मावते ते) ५, नुसता समुद्रकिनारा असेल तर ३, काहीच नसेल तर २, म्हणून नदी आधी बघायची, आणि नदीकाठी प्लेन्सची टेकडी मिळाली तर डोळे झाकून तिथेच, सिटी सेंटरला फूड २ आणि प्रॉडक्शन पण २ मिळतं. शेजाऱ्याच्या अगदी अंगावर जाऊ नकोस, नऊ टाइलपर्यंत त्याच्या लोकसंख्येचा दबाव येतो आणि लॉयल्टी घसरून शहर हातचं जातं.

अजून एक, डिस्ट्रिक्टची (शहराबाहेर टाइलवर बांधायच्या खास विभागाची) किंमत टेक आणि सिव्हिक (कल्चरने मिळणारे सामाजिक शोध) वाढतील तशी वाढते पण एकदा जागेवर ठेवलं की गोठते, त्यामुळे रायटिंगचं टेक झालं की डोंगराशेजारी कॅम्पस (सायन्सचा डिस्ट्रिक्ट) ठेवून दे आणि बांधकाम नंतर कर, मधे सेटलर काढत राहा.

पाचवागव्हर्नर
यात मॅग्नस हा गव्हर्नर (शहरात बसवायचा अधिकारी) राहिला. एकूण लोकसंख्या ६ झाली की अर्ली एम्पायर या सिव्हिकचं इन्स्पिरेशन (सिव्हिकचा युरेका) मिळतं, ते सिव्हिक झालं की कॉलोनायझेशन कार्ड येतं, सेटलरला ५० टक्के जास्त प्रॉडक्शन. स्टेट वर्कफोर्स आणि अर्ली एम्पायर या दोन्ही सिव्हिकमधून एकेक गव्हर्नर टायटल मिळतं, पहिल्याने मॅग्नस राजधानीत बसव, दुसऱ्याने त्याला प्रोव्हिजन हे प्रमोशन दे, मग तिथून सेटलर काढताना लोकसंख्या कमी होत नाही. मायनिंग झालेलं असेल तर बिल्डरने राजधानीजवळची झाडं पण तेव्हाच तोड, मॅग्नस असताना त्यातून ५० टक्के जास्त प्रॉडक्शन मिळतं. हे सगळं एकाच वेळी जुळवून आण आणि कार्ड लावलेलं असेपर्यंत राजधानीत सेटलरशिवाय दुसरं काही लावू नकोस, जागा संपल्या की कार्ड काढून अर्बन प्लॅनिंगचं कार्ड परत लाव.