हिप्परग्याच्या तळ्यावर फेरुजिनस बदक? की शेंडी बदकाची मादीच?

टिबुकल्या (सोलापूर)
टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करतो. सातला सुटलो की घरी जायच्या आधी गाडी तुळजापूर रोडला घालतो, हिप्परग्याच्या तळ्यावर. पाणी बरंच मागं सरलंय, काठाला नुसता भेगाळलेला चिखल. हिवाळ्यात आलेल्या बदकांपैकी थापटे निम्मे गेले, तलवार बदक एकही नाही. उरलेत वारकरी पक्षी आणि पंधरा-वीस शेंडी बदकं.

रविवारी त्या शेंडी बदकांत एक निराळं दिसलं. अंग तपकिरी, पण मळकट नव्हे. ओल्या खजुरासारखं लालसर. पाठ काळपट. बुडी मारून वर आलं की शेपटीखाली पांढरं चमकायचं. डोळा काही दिसला नाही. साडेआठनंतर पाण्यावर उन्हाची थरथर सुटते, मग ८ बाय ४२ ची दुर्बीण असली तरी सगळं विरघळल्यासारखं दिसतं. मोबाइल दुर्बिणीला लावून फोटो काढलाय, खाली टाकतो. मधला तपकिरी ठिपका म्हणजे ते. हसू नका.

आमच्या ग्रुपवर एकजण म्हणाला, "शेंडीची मादी, विषय संपला." मला पटेना. नोव्हेंबरपासून दर आठवड्याला जातोय, हे नव्हतं. सगळे परत निघायच्या वेळेला हे कुठून आलं?

चिखलपाय
नुसत्या पांढऱ्या शेपटीवर जाऊ नका. शेंडीच्या काही माद्यांनाही शेपटीखाली पांढरं असतं, मी स्वतः दोनदा फसलोय. डोकं बघा. फेरुजिनसचा माथा मधोमध उंच, शेंडीचा मागे, झिपरी आखूड असली तरी जाणवते. चोचीच्या टोकाला शेंडीला काळा पट्टा रुंद, फेरुजिनसला जेमतेम नखाएवढा. आणि डोळा! शेंडीचा पिवळा, फेरुजिनस नराचा पांढरा. फेरुजिनस मादीचा मात्र तपकिरी, तिथं डोळा कामाचा नाही.

नांदूरवाला
मार्चात नवं बदक दिसणं नवलाचं नाही. दक्षिणेकडच्या तळ्यांवर हिवाळा काढलेली बदकं उत्तरेला निघतात, वाटेत एखाद-दोन दिवस टेकतात. आमच्याकडे नांदूर मध्यमेश्वरला भुवई बदकांचे थवे असेच येतात, सकाळी दिसले तर संध्याकाळी नाहीत. तेव्हा उद्याच जा, पुढच्या रविवारची वाट बघू नका. फोटोवरून काही सांगता येणार नाही, माफ करा.

शेवाळ
फेरुजिनसच निघालं तर जागेचा पिन मात्र लगेच टाकू नका. धोक्यातल्या पक्ष्यांच्या जागतिक यादीत ते 'संकटसमीप' आहे. एकदा पिन फिरला की कॅमेरेवाले पाण्यात उतरतात, आणि मग वारकरीसुद्धा थांबत नाहीत. (तळ्याचं नाव तुम्ही शीर्षकातच लिहून बसलाय, ते सोडा.)

टिबुकल्या (सोलापूर)
नाव लिहिलं ती चूक झाली खरी. शीर्षक आता बदलता येत नाहीये.

आज आठवड्याची सुट्टी होती. सव्वासहालाच पोचलो, ऊन तापायच्या आत. काच पुसायला कारखान्यातला सेकंड मालाचा टॉवेल नेला होता, कापूस सुटून काचेवरच बसला, ते वेगळं. पण बदक होतं! शेंड्यांपासून चार हात लांब, एकटंच. माथा उंच, झिपरी नाही. पंख झटकले तेव्हा पांढरी पट्टी पार टोकापर्यंत गेलेली. आणि मान वळवल्यावर डोळा दिसला, पांढराशुभ्र, खडूचा ठिपका दिल्यासारखा. म्हणजे नर.

फोटो काढणार तेवढ्यात ट्यूबवर बसून जाळं टाकणारे एक काका मध्ये आले. सगळा थवा उठला. काका म्हणाले, "काय बघतायसा? बदकं व्हय? ती तर रोजच असत्यात की."

चिखलपाय
पट्टी टोकापर्यंत, डोळा पांढरा, माथा उंच. फोटो नसला तरी नोंद करा, वर्णन नीट लिहा. आणि काकांना विचारून ठेवा, त्यांना गेल्या वर्षीही असलं दिसलं होतं का.