६ व्होल्टची बीटल आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन: इंजिन तापलेले असताना सेल्फवर ठिणगी पडत नाही (मदत हवी आहे)

नमस्कार,

माझ्याकडे १९६२ सालची फोक्सवॅगन बीटल आहे. इंजिन मूळचेच, म्हणजे ११९२ सीसीचे आणि ३४ अश्वशक्तीचे असून विजेची सारी यंत्रणा ६ व्होल्टची, निगेटिव्ह अर्थची (बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेली) आहे. गाडी १२ व्होल्टवर न्यावी असा सल्ला मला अनेकांनी दिला आहे. परंतु त्यासाठी डायनमो, रेग्युलेटर, दिवे, हॉर्न, वायपरची मोटर आणि चोकचे हीटर असे एकामागून एक सगळेच बदलावे लागते, आणि एका ठिणगीसाठी एवढा संसार हलवण्याची माझी तयारी नाही. तेवढा पर्याय सोडून मार्गदर्शन मिळावे, ही विनंती.

दोन महिन्यांपूर्वी मी डिस्ट्रिब्युटरमधले (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी पोहोचवणाऱ्या भागातले) पॉइंट, म्हणजे कॉइलचा प्रवाह तोडणारे यांत्रिक संपर्क, आणि कंडेन्सर काढून त्या जागी ६ व्होल्टसाठी म्हणून विकले जाणारे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवले. रोटरच्या खाली चुंबकाची कडी येते आणि तिच्या शेजारच्या, चुंबक ओळखणाऱ्या हॉल सेन्सरच्या इशाऱ्यावर मॉड्यूल कॉइलचा (ठिणगीसाठी उच्च दाब तयार करणाऱ्या गुंडाळीचा) प्रवाह तोडते. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट थोडा हलत असल्यामुळे पॉइंटची गॅप ०.४ मिलिमीटरवर कितीही नीट लावली तरी ५० अंशांचा ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो फिरण्याचा कोन) टिकत नसे, आणि टायमिंग लाइटखाली पुलीवरची खूण नाचत राही. (त्या लाइटसाठी १२ व्होल्टची वेगळी बॅटरी शेजारी ठेवावी लागते, हे अशा गाड्या सांभाळणाऱ्यांना ठाऊकच आहे.) मॉड्यूल बसवल्यापासून खूण जागच्या जागी थांबते आणि आयडलिंगही सुधारले आहे. चालत्या गाडीबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती सुरू करण्याची. थंड इंजिन सकाळी दोन-तीन फेऱ्यांत सुरू होते. मात्र अर्धा-पाऊण तास चालवून गाडी दहा मिनिटे उभी केली, की त्यानंतर सेल्फ जडपणे का होईना फिरतो, इंजिन फिरते, पेट्रोलचा वास येतो आणि ठिणगी काही पडत नाही. शेवटी कंटाळून किल्ली सोडली, की नेमक्या त्याच क्षणी इंजिन एकदा ‘फट्’ करते आणि कधीकधी त्या एका धक्क्यावर सुरूही होते. पॉइंट असताना असे एकदाही झाले नव्हते.

मल्टिमीटरने मी जे मोजले ते पुढीलप्रमाणे आहे. मागच्या सीटखालची ६६ अँपिअर-तासांची बॅटरी नवी असून शांत स्थितीत ६.३५ व्होल्ट दाखवते. इंजिन गरम असताना सेल्फ मारला की बॅटरीच्या खुंट्यांवर ४.६ व्होल्ट उरतात आणि कॉइलच्या १५ क्रमांकाच्या (किल्लीकडून प्रवाह येतो त्या) टर्मिनलवर ४.१ व्होल्ट. मॉड्यूल चालू अवस्थेत असताना कॉइलचे १ क्रमांकाचे (मॉड्यूलकडे जाणारे) टर्मिनल आणि अर्थ यांच्यामध्ये १.२ व्होल्ट मिळतात. पॉइंट होते तेव्हा तिथे जेमतेम ०.१ व्होल्ट मिळत असे. कॉइलच्या प्रायमरीचा (बॅटरीचा प्रवाह वाहतो त्या वेटोळ्याचा) रोध १.३ ओहम आहे. मॉड्यूलसोबतच्या चिठ्ठीत ‘६ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ’ एवढेच छापलेले आहे; सेल्फ फिरताना किमान किती व्होल्ट मिळाले पाहिजेत, याचा उल्लेख त्यात नाही.

माझे प्रश्न असे आहेत. मॉड्यूल सदोष आहे, की त्याला पुरेसा दाब (व्होल्टेज) मिळत नाही? वायरिंगमध्ये जाणारा अर्धा व्होल्ट वाचवण्यासाठी रिले (विजेने चालणारा स्विच) बसवावा असे मनात आहे, पण दाब एवढा खाली आल्यावर ६ व्होल्टचा रिले स्वतःच सुटणार नाही ना? आणि या साऱ्या खटपटीपेक्षा पुन्हा पॉइंट बसवणे शहाणपणाचे ठरेल का?

पहिला प्रतिसाद

तुम्ही मोजमापे दिलीत, त्यामुळे बोलणे सोपे झाले. मॉड्यूल सदोष आहे असे मला वाटत नाही. बऱ्याच हॉल सेन्सरना काम करण्यासाठी ४ ते ४.५ व्होल्ट लागतात आणि तुमच्याकडे सेल्फ फिरताना ४.१ व्होल्ट मिळत आहेत, म्हणजे तो अगदी काठावर उभा आहे. किल्ली सोडताच सेल्फचा भार उतरतो, दाब वर येतो, सेन्सर शुद्धीवर येतो, आणि इंजिन अजून गतीत असल्यामुळे तेवढी एक ठिणगी पडते. तुमचे ‘फट्’ हेच सांगते आहे.

दुसरा भाग कॉइलचा. मॉड्यूलच्या आत प्रवाह तोडणारा जो ट्रान्झिस्टर असतो, तो बहुधा डार्लिंग्टन प्रकारचा असतो आणि चालू असताना स्वतःवर एक ते दीड व्होल्ट ठेवून घेतो. १२ व्होल्टच्या गाडीत हे कोणाच्या लक्षातही येत नाही, पण ४.१ मधून १.२ गेले की कॉइलला २.९ व्होल्ट उरतात आणि १.३ ओहममधून सुमारे २.२ अँपिअर वाहतात. याच परिस्थितीत पॉइंट असते तर सुमारे ३ अँपिअर वाहिले असते. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे २.२ आणि ३ यांतला फरक दिसायला थोडा असला तरी ठिणगीची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते.

१२ व्होल्टच्या बऱ्याच गाड्यांत कॉइल कमी दाबाची असते आणि तिच्या वाटेत बॅलास्ट रेझिस्टर असतो. सेल्फ मारताना तो वगळला जातो आणि बॅटरी खाली आली तरी कॉइलला तिचा वाटा मिळतो. ६ व्होल्टच्या यंत्रणेत अशी शिल्लक मुळातच ठेवलेली नाही. म्हणून तुम्हाला प्रत्येक दशांश व्होल्टचा हिशेब मांडावा लागेल.

दुसरा प्रतिसाद

रिले जरूर बसवावा. बीटलमध्ये बॅटरी, सेल्फ, डायनमो आणि कॉइल सगळे मागच्या बाजूला असूनही कॉइलचा प्रवाह आधी पुढे डॅशबोर्डवरच्या किल्लीपर्यंत जातो आणि तिथून पुन्हा मागे येतो; म्हणजे साठ वर्षांच्या तारेतून आणि झिजलेल्या स्विचमधून तो गाडीची लांबी दोनदा कापतो. चोकचे हीटरही त्याच १५ क्रमांकावरून आपला वाटा घेते. तेव्हा डायनमोवरच्या रेग्युलेटरचे जे बी प्लस टर्मिनल आहे (जुन्या खुणेप्रमाणे ५१), तिथून ४ चौरस मिलिमीटरची तार फ्यूजमार्गे रिलेला द्यावी आणि रिलेतून कॉइल व चोक दोन्ही चालवावेत. किल्लीकडून येणारी जुनी तार केवळ रिले खेचण्यापुरती ठेवावी.

रिले सुटण्याची भीती बाळगू नये. त्याला खेचण्यासाठी साधारण सव्वाचार व्होल्ट लागतात, पण एकदा खेचला की तो त्याहून बऱ्याच कमी दाबावर धरून राहतो. किल्लीच्या पहिल्या टप्प्यात, सेल्फ फिरण्यापूर्वीच, तो खेचलेला असतो. फक्त रिले ६ व्होल्टचाच आहे याची खात्री करून घ्यावी.

मला खरी शंका मात्र सेल्फची आहे. नवी बॅटरी असताना ४.६ व्होल्ट फार कमी आहेत आणि ‘जडपणे फिरतो’ असे आपणच लिहिले आहे. या गाडीत सेल्फच्या शाफ्टचे पुढचे टोक गिअरबॉक्सच्या केसिंगमधल्या बुशमध्ये (शाफ्टला आधार देणाऱ्या छोट्या नळीत) टेकते. सेल्फ बदलला तरी ते बुश तिथेच राहते, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. ते झिजले की आर्मेचर (सेल्फच्या मोटरचा फिरता भाग) तिरके होऊन घासते आणि दुप्पट प्रवाह ओढते. तसेच गिअरबॉक्सपासून चॅसीला जाणारी अर्थची विणलेली पट्टी पाहावी, आणि बॅटरीची केबल कोणी १२ व्होल्टच्या गाडीची, म्हणजे बारीक, घातली आहे का तेही तपासावे. ६ व्होल्टला तेवढ्याच कामासाठी दुप्पट प्रवाह लागतो.

तिसरा प्रतिसाद

माझे मत जरा वेगळे आहे. डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टला नवे बुश घालून घेतले असते तर पॉइंटच उत्तम चालले असते. पॉइंट बिघडतात तेव्हा आधी कुरकुर करतात आणि रस्त्यात पॉलिश पेपरने घासून घरापर्यंत आणता येतात. मॉड्यूल जाते तेव्हा पूर्वसूचना न देता जाते. तरीही मॉड्यूलच ठेवणार असाल तर डिस्ट्रिब्युटरच्या आतली हलती प्लेट आणि बॉडी यांना जोडणारी छोटी अर्थची तार पाहा. या इंजिनात टायमिंगचा सगळा ॲडव्हान्स (गरजेनुसार ठिणगी थोडी आधी पाडणे) व्हॅक्यूमवर असल्यामुळे ती प्लेट सतत हलते आणि तार आतून तुटते. वरून मात्र धड दिसते.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवडे लागले, पण सांगितलेली प्रत्येक गोष्ट तपासली.

प्रथम केवळ प्रयोग म्हणून बॅटरीपासून कॉइलपर्यंत एक सुटी जाड तार लावून पाहिली. गरम इंजिन चारपैकी तीन वेळा सुरू झाले, त्यामुळे दिशा बरोबर असल्याचे कळले. (अशी तार लावली की किल्ली बंद करूनही इंजिन थांबत नाही, पहिल्यांदा मी गोंधळलो आणि शेवटी तार उपटून काढली.) त्यानंतर दुसऱ्या प्रतिसादात सांगितल्याप्रमाणे रिले बसवला. आता सेल्फ फिरताना बॅटरी आणि कॉइलचे १५ क्रमांकाचे टर्मिनल यांच्यात ०.५ ऐवजी ०.१ व्होल्टचाच फरक राहतो.

सेल्फ खाली उतरवला तेव्हा गिअरबॉक्समधल्या बुशची शंका खरी निघाली. शाफ्ट त्यात घालून बोटाने हलवला तर तो चक्क डुलत होता, आणि आर्मेचरच्या एका बाजूला घासल्याची चकचकीत पट्टी पडली होती. अर्थच्या पट्टीचे निम्मे धागे लगजवळ तुटलेले होते. दोन्ही बदलल्यावर गरम इंजिनावर सेल्फ फिरताना बॅटरीवर ४.६ ऐवजी ५.१ व्होल्ट मिळतात. म्हणजे कॉइलपाशी ५.० पोहोचतात, त्यातले १.२ मॉड्यूलचे वजा जाता ३.८ व्होल्ट उरतात आणि प्रवाह २.२ वरून २.९ अँपिअरवर येतो. पहिल्या प्रतिसादातल्या वर्गाच्या हिशेबाने ठिणगीची ऊर्जा सुमारे पावणेदोन पट झाली. गेल्या सहा दिवसांत गरम इंजिन एकदाही अडले नाही.

मोजमापे घेताना एक चूक झाली, ती इतरांच्या उपयोगी पडावी म्हणून नोंदवतो. इंजिन बंद असताना किल्ली चार-पाच मिनिटे चालूच राहिली आणि मॉड्यूलने तेवढा वेळ कॉइलमधून प्रवाह सोडून ठेवला; कॉइलला हात लावला तर तो ठेवता येईना. आता मीटर वाचून होताच किल्ली बंद करतो.

डिस्ट्रिब्युटरमधली छोटी तार धड निघाली, तरी नवी टाकली आहे. तिसऱ्या प्रतिसादातला मुद्दा मला पटला असल्यामुळे जुने पॉइंट, कंडेन्सर, ०.४ चा फीलर गेज आणि एक पेचकस डब्यात घालून गाडीतच ठेवले आहेत.