सेन्सरबरोबर ब्रेकपण बघा

तिखट कुणाला जास्त का झोंबतं यावर असं सांगतात की तांबडा रस्सा तोंडात भाजतो कारण मिरचीतलं कॅप्सेसिन टीआरपीव्ही१ हा उष्णतेचा सेन्सर उघडतं, ते बरोबरच आहे, डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञांना २०२१ चं नोबेल त्याच कामाबद्दल मिळालं. पण "ज्याचे सेन्सर जास्त त्याला त्रास जास्त" हे एवढ्यावर नाही पटत, कारण संवेदना नेणाऱ्या नसेला ब्रेकपण असतो आणि तो पोटॅशियम चॅनेलचा, म्हणजे पेशीच्या पडद्यातल्या पोटॅशियमच्या वाटेचा. पेशीच्या आत पोटॅशियम जास्त, चॅनेल उघडा असला की ते बाहेर झिरपत राहतं, पेशी शांत राहते, बारीकसारीक गोष्टीला सिग्नल पाठवत नाही. ट्रेक-१ नावाचा असा चॅनेल काढून टाकलेल्या उंदरांना उष्णता आणि दाब दोन्ही जास्त टोचतात, सेन्सर तेच असूनपण.

हे मी घरात बघितलंय. आमच्या आण्णांना आतड्याच्या कॅन्सरसाठी ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू होतं, तर प्रत्येक डोसनंतर चार-पाच दिवस फ्रीजमधला स्टीलचा तांब्या धरला की बोटांत सुया टोचल्यासारखं व्हायचं, हात झटकून तांब्या सोडूनच द्यायचे, जानेवारीत रंकाळ्यावर सकाळचं फिरणं तर बंदच केलं कारण गार वारा घशाला लागायचा. हे औषध नसेतला सिग्नल सुरू करणाऱ्या सोडियम चॅनेलमध्ये गडबड करतंच, पण उंदरांत असंपण दिसलंय की त्यानं ट्रेक-१ आणि त्याच्यासारखाच ट्राक हे ब्रेकच कमी होतात, म्हणून नुसता गारवा दुखणं होऊन बसतो. आम्ही शेवटी फ्रीजच्या हँडललाच लोकरीचे हातमोजे अडकवून ठेवले आणि पाणी कोमटच द्यायला लागलो.